ठशांच्या छपाईचं हातमाग कापड: पहिलं पाणी, पहिली शिलाई आणि त्याआधीची तयारी

हातमागाचं, ठशांनी छापलेलं कापड घेणाऱ्यांकडून मला वर्षानुवर्षं त्याच तक्रारी ऐकू येतात. "रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं, तरी पांढऱ्यावर निळं उतरलंच." "कुर्ता पहिल्या धुण्यात दोन बोटं आखूड झाला." "दोरीवर वाळत घातलं होतं, काळे ठिपके पडले, काही केल्या जात नाहीत." खोदून विचारलं की बहुतेक वेळा कळतं, कापड चांगलंच होतं, कामाचा क्रम चुकला होता. मला याचं वाईट वाटतं, कारण एक ओढणी अशी बिघडली की तो माणूस पुन्हा मिलच्या छापील कापडाकडे वळतो. विणकराचं आणि छापणाऱ्याचं पुढच्या वीस वर्षांचं गिऱ्हाईक एका बादलीत बुडतं.

क्रम असा: विचारा, तपासा, घासून पाहा, मोजा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा आणि मगच शिंप्याकडे जा. बहुतेक जण दुकानातून थेट शिंप्याकडे जातात. पुढची निम्मी दुखणी तिथेच सुरू होतात.

टप्पा १ : विकत घेताना काय विचारायचं

"हँडलूम ब्लॉक प्रिंट" असं दुकानात एका दमात म्हटलं जातं. त्यात दोन वेगवेगळे दावे आहेत. कापड हातमागावर विणलंय का, हा एक. नक्षी हाताने ठसे मारून छापलीय का, हा दुसरा. राजस्थानातल्या सांगानेरची पुष्कळशी नाजूक बुट्टी मिलच्या केंब्रिकवर, म्हणजे बारीक सुती कापडावर, हाताने छापलेली असते. ती छपाई अस्सल असते, पण ते कापड हातमागाचं नसतं. उलट, हातमागाच्या साडीवर स्क्रीनची, म्हणजे जाळीतून रंग दाबून केलेली, छपाईही मिळते. तिसरा दावा सुताचा. सूतही हाताने कातलेलं असेल आणि विणकामही हाताचं असेल, तरच ती खादी.

केंद्र सरकारचं 'हँडलूम मार्क' हे लेबल २००६ पासून आहे. ते विणकामाची ग्वाही देतं, छपाईबद्दल काहीच सांगत नाही. लेबल पाहून "म्हणजे ठशाचंच असणार" असं धरून चालू नका.

दुकानदाराला किंवा कारागिराला हे विचारा:

- कापड हातमागाचं की मिलचं?
- छपाई ठशाची की स्क्रीनची?
- रंग कुठले? नीळ, अलिझरीन, हिराकशीचा काळा, हिरड्याचा पिवळा. की पिगमेंट, की रॅपिड (हे दोन्ही कारखान्यातले रंग)?
- छपाईनंतर शेवटचं धुणं झालंय का?

चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा आणि तोच कुणी विचारत नाही. शेवटचं धुणं नीट झालेलं कापड घरी फारसा त्रास देत नाही. "धुतलं नाही, तुम्ही धुऊन घ्या" असं उत्तर आलं तर ते प्रामाणिक आहे. बिनधास्त घ्या, फक्त टप्पा ५ मन लावून वाचा.

सावधान: 'मोडाल सिल्क अजरख' या नावात रेशीम नसतं (अजरख ही कच्छची ठशांची छपाई). मोडाल हा लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात बनवलेला धागा आहे आणि ते कापड सहसा हातमागाचं नसतं. सुती धागा ओला झाल्यावर जास्त मजबूत होतो, मोडाल ओला झाल्यावर कमजोर होतो. त्यामुळे दोन्ही एकाच हाताने, एकाच जोराने धुवायचे नाहीत.

टप्पा २ : उजेडात तपासणी

खिडकीपाशी या आणि कापड पूर्ण उलगडा. घडीवरून काहीच कळत नाही.

आधी सांधा शोधा. लाकडी ठसा साधारण हाताच्या पंजाएवढा असतो, त्यामुळे दर काही इंचांवर एक ठसा संपून दुसरा सुरू होतो. त्या जागी रेघ किंचित दुप्पट झालेली, किंचित सुटलेली किंवा थोडी गडद दिसते. ठसा जुळवायला कोपऱ्यावर खुणेचे बारीक ठिपके असतात. तेही कधीकधी नक्षीत सापडतात.

आता सगळ्यात उपयोगी तपासणी. लोक म्हणतात, "चूक दिसली म्हणजे हाताचं." तेवढ्यावर भागत नाही, कारण चुकाही छापता येतात. चुकीचा प्रकार पाहा. ठशाच्या लाकडाची एक पाकळी उडाली असेल तर ती प्रत्येक ठशात उडालेलीच दिसणार, त्यात नवल नाही. पण ठसा तिरका बसणं, रंग कमी-जास्त लागणं, दुसरा रंग रेघेबाहेर सरकणं, हे हाताचं काम आहे आणि ते दर वेळी वेगळं असतं. तोच तिरकेपणा, तोच रंगाचा फराटा मीटरभर अंतराने जसाच्या तसा पुन्हा दिसला, तर ती स्क्रीन किंवा डिजिटल छपाई आहे.

मग कापड उलटं करा. पातळ सुती कापडावर ठशाचा रंग मागे बऱ्यापैकी उतरलेला असतो. मागची बाजू अगदी पांढरी आणि पुढची फोटोसारखी चकचकीत असेल, तर डिजिटलचा संशय घ्या. अजरखात तर काही कापडं दोन्ही बाजूंनी छापलेली असतात.

हातमाग ओळखणं याहून अवघड आहे. गाठाळ सूत मिलमध्येही मुद्दाम तयार करतात. काठाजवळची बारीक भोकं यंत्रमागाच्या कापडावरही दिसतात. मी कापड उजेडाकडे धरते आणि आडव्या धाग्यांची दाटी पाहते. हातमागावर ती कुठे घट्ट, कुठे विरळ अशी हळूच बदलत जाते, जणू विणणाऱ्याचा हात थोडा थांबून पुन्हा सुरू झालाय. पण ही एकटी खूण पुरेशी नाही. विकणाऱ्याचं उत्तर, लेबल आणि ही खूण, तिन्ही जुळली तर विश्वास ठेवा.

तंतूची शंका असेल तर कडेचे चार-सहा धागे काढून चिमट्यात धरा आणि थाळीवर जाळा. कापसाला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिएस्टर आहे.

टप्पा ३ : रंग ओळखा, घासून पाहा

पाणी लावायच्या आधी हातात कोणता रंग आहे हे कळायलाच हवं. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

निळीचा निळा (अजरख, चिखलाचा लेप लावून केलेली दाबूची छपाई, राजस्थानातल्या बगरूची कितीतरी कापडं): नीळ धाग्याच्या आत फार खोल शिरत नाही, थरावर थर चढतो. म्हणून गडद निळं नवं कापड कोरडं घासलं तरी बोटाला किंचित निळं लागतं. ही निळीची प्रकृती आहे, बनावटीची खूण नव्हे. आणि हो, पांढऱ्या कपड्यांना घालतो ती नीळ वेगळी. नावसाधर्म्यामुळे गोंधळू नका.

अलिझरीनचा लाल: तुरटीने छापलेल्या जागी हा रंग उकळत्या भांड्यात पक्का बसतो. चांगला धुतलेला असेल तर हा सगळ्यात शहाणा रंग. अलिझरीन मुळात मॅडर या वनस्पतीच्या मुळातला रंग आहे, आज तो बहुतेक ठिकाणी कारखान्यात तयार झालेला वापरतात. कुणी प्रामाणिकपणे तसं सांगितलं तर त्याला नकली ठरवू नका.

लोखंडाचा काळा: गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवून किंवा हिराकस वापरून केलेला. हिरडा लावलेल्या कापडावर लोखंड पडलं की काळं होतं. हा रंग आम्लाला भितो. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचा कोळ लागला की तिथे फिका तपकिरी डाग उरतो.

हिरड्याची पिवळसर झाक: मध्य प्रदेशातल्या बाघच्या, तसंच अजरख आणि बगरूच्या कापडाला सुरुवातीलाच हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. ही झाक पुढच्या धुण्यांत हळूहळू कमी होते. तिचा एक मोठा धोका आहे, तो टप्पा ६ मध्ये सांगते.

पिगमेंट: हा धाग्यात शिरत नाही, चिकटून बसतो. हात फिरवला की छापलेली जागा थोडी कडक लागते. पाण्यात फारसा जात नाही, पण घासला की सोलून निघतो. त्यामुळे ब्रश बंद.

घासण्याची चाचणी: पांढरा सुती रुमाल घ्या. कापडाच्या कोपऱ्यावर कोरडा दहा वेळा घासा. मग रुमालाचं दुसरं टोक ओलं करून, पिळून, पुन्हा दहा वेळा. गडद रंगावर वेगळं, लालवर वेगळं, काळ्यावर वेगळं. कोरड्या रुमालावर फक्त निळ्याची पुसट छटा आली तर ठीक. ओल्या रुमालावर लाल किंवा काळा स्पष्ट उतरला, तर त्या कापडाचं शेवटचं धुणं नीट झालेलं नाही. ते परत करायची मुदत असेल तर हीच वेळ. एकदा पाणी लावलं की कुणी परत घेत नाही.

टप्पा ४ : मोजा आणि लिहून ठेवा

कापड ताणू नका, टेबलावर सपाट पसरा. लांबी आणि पन्हा दोन्ही मोजून कागदावर लिहा. हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं, सैल विणीचं त्याहून जास्तही. अडीच मीटरच्या कुर्त्याच्या कापडात पाच टक्के म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. बाहीची पट्टी, गळ्याची पट्टी याच तुकड्यातून निघणार असते. म्हणून घेतानाच पाव मीटर जास्त घ्या.

टप्पा ५ : पहिलं पाणी

इथे घाई चालत नाही. फोन बाजूला ठेवा. पाऊण तास मोकळा ठेवा आणि एका वेळी एकच कापड घ्या.

छापणारे शेवटचं धुणं वाहत्या पाण्यात का करतात, ते आधी समजून घ्या. धाग्याला न चिकटलेला जादा रंग पाण्यात सुटतो. पाणी वाहतं असेल तर तो निघून जातो. पाणी थांबलेलं असेल तर तोच रंग शेजारच्या पांढऱ्या भागावर बसतो. बाघचे कारागीर नदीच्या प्रवाहात कापड धुतात ते यासाठीच. पाण्याचा गुणही तितकाच महत्त्वाचा. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर धमडका या छपाईच्या गावच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं, रंग बिघडू लागले आणि छपाई करणाऱ्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी नव्या जागी, अजरखपूरला, बस्तान हलवलं. आपल्या घरी नदी नसते. म्हणून भरपूर पाणी, कमी वेळ आणि सतत हालचाल, या तीन गोष्टींनी ती उणीव भरून काढायची.

तयारी:

- वीस लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बादल्या. पत्र्याच्या किंवा गंजक्या नकोत.
- एक पांढरी वाटी, पाण्याचा रंग पाहायला.
- एक जुना पांढरा टॉवेल.
- सौम्य द्रव साबण किंवा रिठ्याचं पाणी. आठ-दहा रिठे रात्री भिजवून सकाळी कुस्करा आणि फडक्यातून गाळून घ्या. न गाळलेल्या रिठ्याचे तपकिरी कण पांढऱ्या भागावर अडकतात.

आता पायऱ्या.

१. दोन्ही बादल्या साध्या गार पाण्याने भरा. कोमट नाही, गारच.

२. कापडाच्या सगळ्या घड्या मोडा आणि ते एका दमात पूर्ण बुडवा. अर्धं आत, अर्धं बाहेर असं राहिलं तर ओल्या-कोरड्याच्या सीमेवर रंगाची रेघ उमटते आणि ती नंतर जात नाही.

३. दोन मिनिटं खालीवर हलवत राहा. कापड बादलीत सोडून दार उघडायला जाऊ नका.

४. उचला, पिळू नका, लगेच दुसऱ्या बादलीत घाला. पहिली ओतून द्या, पुन्हा भरा.

५. दर वेळी वाटीभर पाणी काढून पाहा. पहिली दोन पाणी रंगीत येणारच. फिकट निळं किंवा चहासारखं पिवळट पाणी आलं तर काळजी नको. दाबूच्या कापडातून बादलीच्या तळाशी बारीक माती बसते. छपाईत चिखलाचा लेप वापरलेला असतो, ती त्याची शिल्लक.

६. वाटीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा. साधारण चार ते सहा पाणी लागतात, गडद निळ्याला जास्त.

७. आता, आणि आताच, साबण. बादलीत एक छोटा चमचा. तीन मिनिटं हलक्या हाताने दाबून धुवा. साबण आधी घातला तर सुटा रंग आणि फेस एकत्र होतात आणि पाणी कधी स्वच्छ झालं तेच कळत नाही.

८. आणखी दोन साधी पाणी. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पीळ द्यायचा नाही, विरळ विणीचे धागे सरकतात.

थांबा आणि पाहा: कापड ओलं असतानाच उजेडात धरून पांढरे भाग तपासा. निळी किंवा गुलाबी झाक दिसली तर वाळवू नका, इस्त्री तर मुळीच नको. लगेच भरपूर पाण्यात थोड्या साबणाने पुन्हा धुवा. ओलं आहे तोवर बरीचशी झाक निघते. वाळलं की ती कायमची होण्याचीच शक्यता जास्त.

मीठ, व्हिनेगर, तुरटी: तिन्ही नकोत

हा सल्ला घराघरात मुरलेला आहे, म्हणून वेगळं लिहिते. रंगवण्याच्या भांड्यात मीठ काही रंगांना सुताकडे ढकलतं. छापून, धुऊन झालेल्या कापडाचा रंग ते पक्का करत नाही. उलट सुटलेला रंग मिठाच्या पाण्यात रात्रभर राहिला तर तो पांढऱ्या भागाकडेही ढकलला जाऊ शकतो. व्हिनेगर सुती रंग पक्का करत नाहीच आणि लोखंडाचा काळा फिका करतं. तुरटी हिरड्याच्या पिवळ्याची छटा बदलते, डागाडागांनी.

माझ्या हातून हे झालेलं आहे. गडद निळी दाबूची ओढणी होती, तिच्यावर पांढऱ्या बुट्ट्या. मावशीच्या सांगण्यावरून मूठभर मीठ घातलं आणि रात्रभर भिजत ठेवली. सकाळी बुट्ट्या आकाशी झाल्या होत्या. छापणाऱ्याने प्रत्येक बुट्टीवर चिखलाचा लेप लावून, त्यावर भुसा टाकून, उन्हात वाळवून जी जागा निळीपासून वाचवली होती, ती मी एका रात्रीत घालवली. ती ओढणी अजून माझ्याकडे आहे. कुणाला समजावताना दाखवते.

टप्पा ६ : वाळवणं

सावलीत, वारा खेळेल अशा जागी, उलट बाजू वर. बारीक दोरीपेक्षा जाड नळी किंवा काठी बरी. ओली साडी जड असते, म्हणून दुहेरी टाका, काठाने लटकवू नका. गडद भाग खाली येईल असं घाला, म्हणजे निथळणारं पाणी फिक्या भागावरून जाणार नाही. ओल्या कापडाची घडी तासभर जरी राहिली, तरी एका बाजूची नक्षी दुसरीवर उमटते.

आता हिरड्याचा धोका. हिरड्यात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळं होतं. याच गुणावर छपाईतला काळा रंग उभा आहे. पण हेच तुमच्या दोरीवरही घडू शकतं. गंजक्या स्प्रिंगचा चिमटा, गंजकी तार, खिळा, ओल्या कापडात राहिलेली साधी सेफ्टी पिन, यातलं काहीही हिरड्याच्या कापडाला लागलं की तिथे काळा ठिपका पडतो. माझ्या एका बाघच्या पदरावर चिमट्याच्या दोन दातांचे दोन ठिपके आहेत, पाऊण इंचाच्या अंतरावर. लिंबाने ते निघतात, पण शेजारची काळी रेघही सोबत घेऊन जातात. म्हणून काढायचा प्रयत्न करू नका. चिमटे पूर्ण प्लास्टिकचे वापरा. बोअरच्या पाण्यात लोह असेल, नळाखाली तांबूस डाग पडत असतील, तर निदान शेवटची दोन पाणी गाळलेली घ्या.

टप्पा ७ : पुन्हा मोजा, मग शिंपी

वाळल्यावर उलट बाजूने हलकी इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. आधीच्या आकड्याशी ताडून पाहा. किती आटलं ते शिंप्याला सांगायचं नाही, कारण आता आटायचं ते बहुतेक आटून झालंय. नवीन माप हेच खरं माप.

शिंप्याला मात्र हे सांगा:

- अस्तरही धुऊन आणलंय. (खरोखर धुवा. अस्तर नंतर आटलं की कुर्ता आतून ओढला जातो आणि शिवण फुगते.)
- नक्षीची दिशा कोणती वर, ते खडूने दाखवा. बुट्टीचा देठ खाली हवा.
- शिवणीवर नक्षी तंतोतंत जुळणार नाही. ठसे हाताने मारलेले आहेत, त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. छाती आणि पुढचा मध्य एवढं जुळवा, बाकी सोडून द्या.
- मार्जिन दीड-दोन सेंटिमीटर ठेवा. हातमागाच्या सैल विणीतून सूत लवकर सुटतं.
- सुई बारीक, आणि खूण करायला मेणाचा खडू नको. गरम इस्त्रीत मेण कापडात उतरतं.

साडीच्या बाबतीत फॉलकडे कुणाचं लक्ष नसतं. फॉल धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच लावायला द्या. साडी धुतलेली आणि फॉल कोरा असेल तर पुढच्या धुण्यात फॉल आटतो आणि निऱ्यांचा घेर सुरकुततो. गडद फॉलचा रंगही त्याच रुमालाने तपासा. साडीचा रंग पक्का आणि फॉलचा कच्चा, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

टप्पा ८ : पुढची चार धुणी आणि डाग

दुसऱ्यापासून पाचव्या धुण्यापर्यंत कापड वेगळंच धुवा. पाणी दोनदा सलग स्वच्छ आलं की मग त्याच रंगाच्या कपड्यांसोबत चालेल. मशीन वापरायचीच असेल तर जाळीच्या पिशवीत, उलटं करून, गार पाण्यात, सगळ्यात हलक्या चक्रावर. ब्लीच नको, धुण्याचा सोडा नको, शुभ्रता वाढवणारी पावडर नको. ब्लीच नीळ खातं. सोड्याने लाल आणि पिवळ्याची छटा बदलते.

घामाचं काय? कापड त्याच दिवशी साध्या पाण्यातून काढा, साबणाची गरज नाही. डिओडोरंट पूर्ण वाळल्यावरच कपडा घाला. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. तुरटीही त्याच जातीची, म्हणून काखेजवळ रंग वेगळा दिसू लागतो.

हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरून जोरात घासतो. आधी फक्त गार पाणी. मग पाण्याने खळखळून धुतल्यावर तेवढाच भाग थोडा वेळ उन्हात. हळद उन्हाने उडते. बाकीचं कापड झाका, कारण ऊन त्याचेही रंग उडवतं. तेलाच्या डागावर कोरडं पीठ किंवा टाल्कम टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, मग सौम्य साबण. लिंबू कशावरच नाही.

टप्पा ९ : खळ, इस्त्री, कपाट

किंचित ओलसर असताना उलट बाजूने इस्त्री केली की सुती कापड छान बसतं. पिगमेंटच्या छपाईवर सरळ बाजूने गरम इस्त्री टेकवू नका.

खळ घालायला हरकत नाही. साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची, पातळ. पण खळ घातलेलं कापड वापरायचंच, ठेवायचं नाही. कसर खळ खायला येते आणि सोबत धागाही कुरतडते. मोसम संपला की खळ धुऊन काढा आणि मगच कपाटात ठेवा.

ठेवताना जुन्या मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा अडकते, पावसाळ्यात बुरशी धरते. वर्तमानपत्राची शाई फिक्या भागावर उतरते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवू नका, फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला. लोखंडाच्या काळ्याने धागा वर्षांगणिक ठिसूळ होतो आणि काळी जागा घडीवर आली की आधी तिथेच चिरते.

टप्पा १० : जुनं झाल्यावर

चीर लहान असतानाच रफू करून घ्या. धागा त्याच कापडाच्या मार्जिनमधून काढा, बाजारचा नवा धागा गडद दिसतो. शिंप्याकडून उरलेल्या चिंध्या परत मागायच्या त्या यासाठीच.

निळा फार फिका झाला तर काही कारागीर निळीच्या हौदात पुन्हा बुडवून देतात. विचारण्याआधी एक समजून घ्या: पांढऱ्या बुट्ट्याही आता निळ्या होतील, कारण त्यांना वाचवणारा लेप केव्हाच निघून गेलाय. निळ्यावर गडद निळं असं एक वेगळंच कापड हाती येतं. मला ते आवडतं, सगळ्यांना आवडेलच असं नाही. कारागिराकडे नेताना कापड किती वेळा, कशाने धुतलं ते त्याला सांगा. पक्का रंग कितपत टिकला हे त्याला गिऱ्हाइकांकडून फार क्वचित कळतं. पुढच्या खेपेला त्याच ठशातलं कापड हवं असेल तर नक्षीचा जवळून फोटो आणि एक चिंधी सोबत ठेवा. नुसतं "ते पानाचं डिझाइन" म्हटल्यावर ढिगातल्या शेकडो ठशांमधून तो नेमका ठसा शोधणं कठीण असतं.

आणि गोधडीत घालायची वेळ आली, तर लाल आणि निळे तुकडे वर घ्या. काळ्या रेघांचे तुकडे आतल्या थरात ठेवा, आणि धावदोऱ्याचे टाके त्या रेघांवरून न्यायच्या ऐवजी त्यांच्या बाजूने घाला.